बंद दाराआडचा पुकारा

“दत्ताराम भिवा मोंडकर हाजिर हो...”

पुढचं पेडामकरच्या खोकल्यात गेलं. जिल्हा कोर्टाचा हा शिपाई दम्याचा. त्यानं माझं नाव असं काही पुकारलं की ते उंबऱ्यावरच मटकन बसलं. मी दाराला टेकून उभा होतो म्हणून मला ऐकू तरी आलं. जिवाला लागलं हो. बत्तीस वर्षं करंजबंदरच्या तालुका कोर्टात मी हेच काम केलेलं. मी नाव घेतलं की खाडीपलीकडच्या वाळवणावरचे कावळे उडायचे. एक फरार आरोपी तर पणजीच्या बाजारात माझा पुकारा ऐकून हातातली पिशवी तिथंच टाकून हजर झाला होता.

असो. त्या दिवशी कावळे आणि पणजी कामाला येणार नव्हते. त्या दिवशी मला खरं बोलायचं होतं, आणि त्याचा मला सराव नव्हता.

पिंजऱ्यात चढलो, शपथ घेतली. खरं सांगेन, संपूर्ण खरं सांगेन, खऱ्याखेरीज काही सांगणार नाही. हजारोंना ही शपथ घेताना मी पाहिलं होतं, झोपेत म्हटली असती. पण ‘संपूर्ण’पाशी जीभ अडखळली. हिवरेकर साहेबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. वऱ्हाडातले जिल्हा न्यायाधीश. चष्मा कपाळावर चढवून माणसाकडे उघड्या डोळ्यांनी बघायचे, आणि ते बघणं बरं नसे.

शेवटच्या बाकावर लवू तारी बसला होता, शेजारी त्याची बायको सत्यवती. लवू आमच्या खाडीतल्या लाँचचा इंजिनवाला. सव्वीस वर्षं डिझेल इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसला आणि इंजिनानं त्याचे कान खाल्ले. सत्यवतीचा आवाज त्याला जात नसे, देवळातला ढोल जात नसे. अख्ख्या तालुक्यात त्याच्या कानात शिरणारा एकच आवाज होता. माझा.

हे ध्यानात ठेवा, सगळं त्यावर अडलेलं आहे.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी लाँच धक्क्याला लागत होती. थांबायची ती पुढं रेटली, आणि उतरायला पाय टाकलेल्या एका मास्तरांचा पाय लाँच आणि धक्का यांच्यात चेंगरला. लवूवर हयगयीचा खटला झाला. आता इंजिन असतं खाली, सुकाणू वर. खालच्याला धक्का दिसत नाही. वरचा सुकाण्या घंटा मारणार आणि खालचा ऐकणार, ही रीत. लवूला घंटा ऐकू येईना तेव्हा लाँच चालवणाऱ्या सोसायटीनं सुकाण्याच्या हातापासून लवूच्या दंडापर्यंत एक दोरी बांधली. एक हिसका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे मागे. त्या दिवशी सुकाण्या ‘थांब’ म्हणायला निघाला, आणि पहिल्याच हिसक्याला दोरी तुटली. लवूच्या दंडाला पोचला तो एकच हिसका. त्यानं लाँच पुढं घातली.

दोरी कुजलीय हे लवूनं सोसायटीच्या चेअरमनला तीनदा सांगितलं होतं. चेअरमन बापू तिरोडकर. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, आणि कुणाच्याही खांद्यावर हात टाकायची सवय. बहिऱ्या माणसाला दोरी बांधून आपण उतारू नेतो हे कोर्टात उघडं पडलं तर सोसायटीचंच दुकान बंद होणार, हे बापूला कळत होतं. आणि नेमकं त्याच सुमाराला ते नवीन निघालं होतं, प्ली बार्गेनिंग. आरोपीनं गुन्हा कबूल करायचा, जखमीला भरपाई मिळायची, शिक्षा कमी व्हायची, साक्षीपुरावा न होता खटला संपायचा.

“सही कर आणि जेवूक घराक जा,” बापूनं लवूला खुणेनं समजावलं. सहीची खूण, जेवणाची खूण. तुरुंगाची खूण बापूला येत नसावी.

लवूनं सही केली. सहा महिने कैद झाली, परवाना रद्द झाला. अकरा दिवस आत काढले तेव्हा सावर्डेकर वकीलबाईंनी हायकोर्टातून स्थगिती आणली.

अशा कबुलीवर अपील नसतं. हायकोर्टात रिट करता येतं, पण तिथं तरी दाखवायचं काय? एकच फट होती. कबुली घेण्याआधी मॅजिस्ट्रेटनं आरोपीला एकट्याला, बंद खोलीत विचारायचं असतं, की बाबा रे, हे तू राजीखुशीनं करतोयस ना? त्याला इन कॅमेरा म्हणतात. आमचे मॅजिस्ट्रेट कौसडीकर साहेब, त्यांनी निकालात लिहिलं होतं, ‘आरोपीस एकांतात विचारणा केली, कबुली स्वेच्छेची आहे.’ त्या एकांतात नेमकं काय घडलं याची साक्षी घेऊन चौकशी करा आणि अहवाल पाठवा, असं हायकोर्टानं हिवरेकर साहेबांना कळवलं होतं. अहवाल लवूच्या विरुद्ध गेला की उरलेली कैद आणि परवाना कायमचा गेला. पन्नाशीच्या बहिऱ्या माणसाच्या हातात दुसरं इंजिन कोण देतो?

सावर्डेकर बाई उभ्या राहिल्या. वय तिशीच्या आत, पण प्रश्न विचारायच्या ते सुरीनं मासा साफ केल्यासारखे.

“मोंडकर, त्या दिवशी साहेबांच्या खोलीत कोण कोण होतं?”

“कौसडीकर साहेब, लवू आणि मी.”

“तुम्ही कशाला?”

“साहेब विचारायचे ते लवूला ऐकू जाईना. मग साहेबांनी घंटी मारून मला आत बोलावलं. म्हणाले, मोंडकर, मी सांगतो ते याच्या कानात घाला.”

“आणि तुम्ही ते कानात घातलंत?”

“ओरडून, बाई. माझी ती एकच तऱ्हा.”

“खिडकी?”

“उघडी. वीज गेली होती, पंखा बंद.”

“खिडकीखाली?”

“पडवी. तिथं बापू तिरोडकर आणि दहा-बारा माणसं.”

कोर्टात हसू पसरलं. हिवरेकर साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हसू थांबलं.

“हा एकांत, साहेब,” बाई म्हणाल्या. “कायद्यानं बंद ठेवलेली खोली बंदरावर ऐकू गेली. ज्या माणसाच्या दबावाबद्दल आरोपीनं बोलायचं, तो खिडकीखाली बसलेला.”

बाई बसल्या. त्यांना वाटलं, जिंकलो. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी बाईंना जेवढं सांगितलं होतं तेवढं खरं होतं. एक गोष्ट मात्र मी त्यांनाही सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. आठ महिन्यांवर निवृत्ती होती. न विचारलेलं कोण सांगत बसतो?

सरकारी वकील कुंटे उठले. गोरे, थंड, काळ्या कोटाच्या बाह्या सारख्या करत बोलणारे.

“मोंडकर, तुमचा आवाज पणजीला पोचतो म्हणे?”

“पोचला होता एकदा.”

“एकदा समन्स बजावायला गेलात तेव्हा खाडीत मगरीनं तुमचं समन्स गिळलं म्हणे?”

मगर कशाला काढली यानं?

“तसं सांगतो मी.”

“आमच्या खाड्यांत मगर असते?”

“ती तेवढी एकच होती, साहेब.”

पुन्हा हशा. कुंटे हसले नाहीत. “करंजबंदरात तुम्हाला काय म्हणतात?”

“तातू.”

“आणखी?”

“...थापाड्या तातू.”

“साहेब, असा हा साक्षीदार आहे. पण क्षणभर धरून चालू की आजचं सगळं खरं. खोली बंद नव्हती, मान्य. पुकारा झाला, मान्य. पण मुद्दा खिडकीचा नाही, मर्जीचा आहे. प्रश्न विचारला गेला, आरोपीनं उत्तर दिलं, आणि एकाऐवजी बारा माणसांनी ऐकलं. याहून स्वच्छ कबुली कुठली? चेअरमन तिरोडकर तेच सांगायला बाहेर थांबलेत.” मग माझ्याकडे वळून, आवाज मऊ करत, “मोंडकर, कौसडीकर साहेबांनी काय विचारायला सांगितलं होतं? शब्द आठवतात?”

आठवत होते. त्या दिवसापासून रोज आठवत होते.

“म्हणाले, याला विचारा, हा गुन्हा तू आपल्या मर्जीनं कबूल करतोस का? कुणी तुला धमकी दिली, फसवलं, आमिष दाखवलं का? आणि कबूल केल्यावर तुरुंगात जावं लागेल, हे तुला ठाऊक आहे का?”

“उत्तम. अक्षर न् अक्षर पाठ आहे.” कुंटे साहेबांकडे बघून किंचित झुकले. “आणि हे तुम्ही आरोपीला विचारलंत.”

तो प्रश्न नव्हताच. त्यांनी कागद गोळा करायला घेतले होते. सावर्डेकर बाईंनी डोळे मिटून मान खाली घातली होती, कारण हो म्हटलं की त्यांचं प्रकरण बुडत होतं आणि नाही म्हणायला काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी फक्त मान हलवायची होती. मान हलवली की पेन्शन शाबूत, घरी जाऊन भात.

मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. लवू माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं. जुन्या सवयीनं तो दंडावर हात ठेवून बसला होता, जिथं दोरी असायची तिथं. हिसक्याची वाट बघत.

“नाही,” मी म्हणालो.

कुंट्यांचे हात थांबले. “काय नाही?”

“हे मी विचारलं नाही.”

“मग काय विचारलंत?” हा आवाज हिवरेकर साहेबांचा होता.

“‘कबूल ना रे, लवू?’ एवढंच. तो ‘व्हय’ म्हणाला.”

“एवढंच?”

“एवढंच, साहेब.”

“कौसडीकर समोर बसले होते. त्यांनी हरकत घेतली नाही?”

“ते परभणीकडचे, नवीन आलेले, मान खाली घालून लिहीत होते. मान वर करून एकदाच म्हणाले, हे सगळं मालवणीत एवढ्यात होतं? मी म्हटलं, होतं साहेब.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

कुंट्यांना मात्र आता रंग चढला. “साहेब, मगरीनंतरची ही नवी थाप. हा माणूस एका नावाचा पुकारा कोसभर लांबवतो. आयुष्यात यानं एक वाक्य आखूड केलेलं कुणी ऐकलं नाही. आणि नेमका हाच प्रश्न आखूड केला? का? कशासाठी?”

“बोला मोंडकर,” साहेब म्हणाले. “का?”

आतापर्यंतचं सोपं होतं. खरं अवघड इथं होतं.

“मी पडवीत गजाल सांगत होतो, साहेब.”

“गजाल म्हणजे?”

“गोष्ट. मगरीची. समन्स तिच्या पोटात गेलं, ते बजावल्याशिवाय परत यायचं नाही म्हणून मी होडीतून वाकलो, तिनं तोंड उघडलं, आणि साहेबांची घंटी वाजली. बारा माणसं श्वास धरून बसली होती. आत गेलो तर हा भला मोठा प्रश्न. तो ओरडून लवूच्या कानात घालायचा, त्याला कळला नाही की पुन्हा घालायचा, प्रत्येक तुकड्याचं उत्तर घ्यायचं, म्हणजे पाव तास गेला असता. तोवर पडवीतली माणसं उठून गेली असती. म्हणून... मी प्रश्न मोडला, साहेब. माझी गोष्ट पुरी करायला.”

सावर्डेकर बाई माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेत उपकार नव्हते. रागच होता, आणि तो बरोबर होता.

हिवरेकर साहेबांनी लेखणी उचलली. “मोंडकर, तुम्ही खरं बोलत असाल तर त्या दिवशी खोटं बोललात, तेही न्यायाधीशाशी. त्या दिवशी खरं बोलला असाल तर आज खोटं बोलताय. शिवाय जन्मभर थापा मारल्यात हे तुम्हीच कबूल करताय. मी तुमच्या शब्दावर अहवाल कसा लिहू?”

बत्तीस वर्षांत मी गावाला हसवून हसवून स्वतःचा शब्द खर्चून टाकला होता, आणि आज तो हवा होता तर शिल्लक नव्हता. सत्यवती पदर तोंडाला लावून बसली होती. लवू आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होता.

मग साहेबांनीच लेखणी खाली ठेवली. “तिरोडकर बाहेर आहेत ना? कुणीही उठायचं नाही, बाहेर जायचं नाही. त्यांना बोलवा.”

पेडामकर दारात गेला. “रघुनाथ... तिरो...” खोकला. पुन्हा एकदा. पुन्हा खोकला. बापू म्हणे रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर जाऊन बसला होता. कुंटे म्हणाले, “मी जाऊन आणतो.” साहेब म्हणाले, “तुम्ही बसा.” आणि माझ्याकडे वळले.

“मोंडकर. पुकारा.”

मी पिंजऱ्यातूनच छाती भरून घेतली.

“रघुनाऽऽथ जगन्नाऽऽथ तिरोडकर हाऽऽजिर होऽऽऽ!”

छपरावरची कबुतरं उडाली. यात थाप नाही, कोर्टाचा सगळा स्टाफ साक्षीला आहे. शेवटच्या बाकावर लवूनं दचकून मान वर केली. त्या दिवसात त्याच्या कानात शिरलेला तो पहिला शब्द.

बापू धावतपळत आला, हातातला बिस्किटाचा तुकडा खिशात कोंबत. शपथ घेतली. कुंटे उठू लागले तसा साहेबांनी हात केला. “मीच विचारतो. तिरोडकर, तारीची कबुली झाली त्या दिवशी तुम्ही कुठं होता?”

बापू खुलला. “खिडकीखालीच, साहेब. पडवीत.”

“आतलं ऐकू येत होतं?”

“येत होतं म्हणजे? तातूचो आवाज, साहेब! मेलेलो माणूस उठान बसात.”

“मग नीट आठवून सांगा. मोंडकरनं आरोपीला काय विचारलं?”

कुंट्यांनी घसा खाकरला. बापूनं तिकडं पाहिलं, पण त्याला वाटलं, आपल्याला धीरच देतायत.

“अगदी स्वच्छ विचारलं, साहेब. ‘कबूल ना रे, लवू?’ आणि लवू बोललो, ‘व्हय.’ आम्ही बारा जणांनी ऐकलं. शपथेवर सांगतो.”

“त्याच्या आधी काही?”

“काय नाय.”

“नंतर? धमकी, फसवणूक, तुरुंग, असं काही विचारलं?”

“छे, छे!” बापूनं छातीवर हात ठेवला. “तसलं काय असतं तर आमच्या कानार येवक नको? तुरुंगाचं नावसुद्धा निघालं नाय. एक प्रश्न, एक उत्तर. तातू लगेच बाहेर आला आणि पुढची गजाल सुरू केली ना! मगर तोंड उघडून बसली होती, साहेब.”

बापूला कळलं नाही आपण काय केलं. तो कुंट्यांकडे बघून हसला. कुंटे खिडकीबाहेर कबुतरं परत बसतायत का ते बघत होते.

हिवरेकर साहेबांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि लिहायला लागले. खूप वेळ लिहीत होते.

पाच महिन्यांनी हायकोर्टाचा निकाल आला. कबुली रद्द, शिक्षा रद्द, खटला दुसऱ्या मॅजिस्ट्रेटपुढं पहिल्यापासून. या वेळी सुकाण्याची साक्ष झाली, तुटलेली दोरी टेबलावर आली. लवू सुटला, परवाना परत मिळाला. सोसायटीला दोरी काढून इंजिनापाशी लाल-हिरवे दिवे बसवावे लागले, आणि बापूची चेअरमनकी गेली. माझी खात्यामार्फत चौकशी झाली, ठपका बसला, एक वेतनवाढ गेली. निरोप समारंभात माझ्या आवाजाबद्दल तिघं बोलले, शब्दाबद्दल कुणी नाही.

त्यानंतर मी पहिल्यांदा खाडी ओलांडायला गेलो तो भर दुपारी. लाँच भरलेली होती. उतारूंपैकी कुणी तरी म्हणालं, “तातू, त्या मगरीचा मगे काय झाला?” मी म्हटलं, “तोंड उघडून बसलीय.” त्या साक्षीनंतर ती गोष्ट मी कधी पुरी केलेली नाही.

इंजिनाच्या खळग्यातून लवूनं डोकं वर काढलं. हात तेलानं काळे. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. त्यानं मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकलो.

“तातू,” तो म्हणाला, “वकीलबाईन माका कागदार लिवन दाखवल्यान, सायबान काय इचारूक सांगितला होता ता.”

मी मान खाली घातली.

“पण तुझ्या तोंडसून ऐकाक नाय मिळाला.” त्यानं काळा हात कानामागं धरला. “इचार. पुरा इचार.”

लाँच दोरांवर डुलत होती. मी ताठ उभा राहिलो आणि विचारलं, तुकडा तुकडा करून, प्रत्येक तुकड्यापाशी थांबून. हा गुन्हाऽऽ तू आपल्या मर्जीनंऽऽ कबूल करतोस काऽऽ? कुणी तुला धमकीऽऽ दिली काऽऽ? फसवलं काऽऽ? आमिष दाखवलं काऽऽ? तुरुंगात जावं लागेलऽऽ, ठाऊक आहे काऽऽ? पलीकडच्या काठापर्यंत गेलं असेल. कावळे उडाले की नाही, ते मी पाहिलं नाही.

लवूनं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं. घाई केली नाही. मग कानामागचा हात काढला.

“नाय,” तो म्हणाला. “कबूल नाय.”

आणि खाली वाकून त्यानं इंजिन सुरू केलं.